गळती दिसते नाकात, भोक असते कुठे?

देवगाव रंगारीच्या सरकारी दवाखान्यात पावसाळा सरत आला की नाक गळणाऱ्यांची रांग लागते आणि ती थेट संक्रांतीपर्यंत हटत नाही. कपाशीची वेचणी, मक्याची मळणी, उडणारा भुसा, पहाटेचा गारठा; सर्दी व्हायला एवढे पुरेसे असते. रांगेतल्या जवळजवळ प्रत्येकाची सर्दी ही खरोखरच सर्दी असते. क्वचित, फार क्वचित, त्यांच्यात एखादी बाई किंवा एखादा तरुण असा असतो की त्याच्या नाकातून येणारे पाणी नाकात तयार झालेलेच नसते. ते मेंदूभोवतीचे पाणी असते. कवटीच्या तळाला कुठेतरी बारीकशी फट पडलेली असते आणि मेंदूची बंदिस्त जागा नाकाच्या उघड्या, जंतूंनी भरलेल्या पोकळीशी जोडली गेलेली असते.

हा माणूस दिसायला आजारी नसतो. शेतात जातो, स्वयंपाक करतो, मोटारसायकल चालवतो. एका नाकपुडीतून थेंब थेंब पाणी, खाली वाकले की धार, झोपल्यावर घशात खारट चव. गोळ्या होतात, वाफ होते, नाकात टाकायचे थेंब होतात, कुणीतरी ॲलर्जी आहे म्हणून सांगतो, आणि महिने निघून जातात. मग एके दिवशी सणकून ताप येतो, डोके फुटेल असे दुखते, मान ताठ होते, आणि घरचे लोक गाडी करून त्याला छत्रपती संभाजीनगरला घाटी या सरकारी रुग्णालयात आणतात तेव्हा तो भ्रमात बडबडत असतो. नाकातले जंतू त्या फटीतून वर चढून मेंदूच्या आवरणांपर्यंत पोचलेले असतात. हाच मेंदूज्वर.

ही पुस्तिका या माणसासाठी आहे. कवटीच्या तळाची गळती बंद कशी करावी यावर शस्त्रक्रियेचे ग्रंथ आहेत आणि ते शल्यविशारदांनी वाचायचे आहेत. इथला विषय त्याच्या अलीकडचा आहे: गळती नेमकी कुठून होते हे शोधायचे कसे. माझे ठाम मत आहे की या आजारात खरा कस शोधाचा लागतो. जागा बिनचूक सापडली तर ती बुजवणे आज फारसे अवघड राहिलेले नाही. जागा चुकली तर उत्तमातला उत्तम शल्यविशारदही चांगल्या हाडावर ठिगळ लावून बाहेर येतो आणि रुग्णाचे नाक आठवड्याभराने पुन्हा गळू लागते. हा शोध शहरातल्या मोठ्या यंत्राखाली सुरू होतो असा समज आहे. तो सुरू होतो रुग्णाला पहिल्यांदा तपासणाऱ्या डॉक्टरच्या टेबलावर. म्हणून पुस्तिका मराठीत लिहिली गेली, आणि म्हणून मी ही प्रस्तावना आनंदाने लिहितो आहे.

आधी या पाण्याविषयी. वैद्यक त्याला मस्तिष्क-मेरुद्रव म्हणते, रुग्णालयात सगळे सीएसएफ म्हणतात, रुग्ण मेंदूचे पाणी म्हणतात; पुढे मी त्याला मेंदूजलही म्हटले आहे. ते स्वच्छ, बिनरंगी असते. मेंदूतल्या पोकळ्यांत ते सतत पाझरते, मेंदू आणि मज्जारज्जूभोवती फिरते आणि पुन्हा रक्तात शोषले जाते. मोठ्या माणसात कोणत्याही क्षणी ते साधारण १५० मिलिलिटर असते. दिवसभरात मात्र सुमारे ५०० मिलिलिटर तयार होते. म्हणजे सगळे पाणी दिवसातून तीनेक वेळा बदलते. त्यामुळे गळती कितीही काळ चालली तरी पाणी संपत नाही आणि नाक आपोआप कोरडे पडत नाही. रुग्ण विचारतो, ‘एवढं पाणी येतंय कुठून?’ तर ते असे येते.

या पाण्याला खाली उतरू न देणारी भिंत म्हणजे ड्युरा हे चिवट आवरण आणि त्याखालचे कवटीच्या तळाचे हाड. हे हाड सगळीकडे सारखे जाड नाही. कपाळाच्या मागे, दोन डोळ्यांच्या मधोमध, नाकाच्या छताला एक सच्छिद्र पट्टी असते. वासाच्या मज्जातंतूंचे प्रत्येक बाजूला वीसेक धागे तिच्यातून खाली नाकात उतरतात. तिला चाळणीपट्टी म्हणतात. तिच्या बाजूला उभी असणारी हाडाची पडदी तर काही ठिकाणी मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकीच, किंवा त्याहूनही पातळ असते. ही पट्टी नाकाच्या छताच्या पातळीपासून किती खोल बसली आहे यावरून केरोस यांनी १९६२ साली माणसांचे तीन गट पाडले: १ ते ३ मिलिमीटर, ४ ते ७ आणि ८ ते १६. पट्टी जितकी खोल तितकी ती पातळ पडदी उंच आणि उघडी, आणि सायनसच्या शस्त्रक्रियेत तिला इजा होण्याचा संभव तितका जास्त. याखेरीज एथमॉइड सायनसचे छत, कपाळातल्या फ्रॉंटल सायनसची मागची भिंत, अगदी मागे खोलवर असलेल्या स्फिनॉइड सायनसच्या बाजूच्या कोनाड्याचे छत आणि कानाच्या वरचे पातळ हाड, या नेहमीच्या जागा. शोध घ्यायचा तो मुख्यतः या पाच-सहा ठिकाणीच. ऐकायला सोपे वाटते.

आता इतिहासाकडे थोडे वळू, कारण या आजाराइतका विलक्षण इतिहास थोड्या आजारांना आहे. ग्रीक वैद्य गेलेनच्या काळापासून युरोपात दीड हजार वर्षे अशी पक्की समजूत होती की सर्दीचा शेंबूड म्हणजे मेंदूतला कचरा आणि तो चाळणीपट्टीच्या छिद्रांतून नाकात उतरतो. विटेनबर्गचे प्राध्यापक कॉनराड व्हिक्टर श्नायडर यांनी १६६० च्या दशकात दाखवून दिले की शेंबूड नाकाच्या आतल्या अस्तरातच तयार होतो. त्या अस्तराला आजही श्नायडरचे नाव आहे. वैद्यकाने मोकळा श्वास घेतला आणि नाकातल्या पाण्याचा मेंदूशी काही संबंध नाही हे सर्वांनी मान्य केले. हे मान्य करताना एक बाब नजरेआड झाली: हजारांतल्या एखाद्या रुग्णाच्या बाबतीत जुनी समजूत खरी असते. ती पुन्हा ठसठशीतपणे पुढे यायला १८९९ साल उजाडावे लागले. लंडनचे कान-नाक-घशाचे डॉक्टर सेंट क्लेअर थॉमसन यांनी त्या वर्षी आपोआप नाकातून वाहणाऱ्या मेंदूजलावर स्वतंत्र पुस्तक लिहिले, स्वतःचा रुग्ण तपशिलाने मांडला आणि इतरत्र विखुरलेल्या नोंदी एकत्र आणल्या. लक्षात घ्या, तेव्हा क्ष-किरणांचा शोध लागून चारच वर्षे झाली होती. थॉमसन यांच्याकडे होते ते डोळे, हातातला रुमाल आणि पाणी गोळा करायची काचेची नळी.

पुढची पायरी अपघाताने सापडली. १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या लकेट यांनी डोक्याला मार लागलेल्या एका रुग्णाचा क्ष-किरण फोटो प्रसिद्ध केला. त्यात मेंदूच्या पोकळ्यांत हवा दिसत होती. पाणी खाली येऊ शकते तर हवा वर जाऊ शकते हे त्या एका फोटोने दाखवले. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले वॉल्टर डँडी यांनी १९२६ साली कवटी उघडून, मांडीच्या चिवट पडद्याचा तुकडा लावून अशी गळती बंद केल्याचे नोंदवले. तिथून पन्नास वर्षे तोच राजमार्ग राहिला. कपाळाचे हाड उचलायचे, मेंदूचा पुढचा भाग हळूच मागे सारायचा आणि फट शोधायची. त्या शोधाची किंमत रुग्णाच्या वासाच्या शक्तीने, कधी फिट येण्याने, कधी त्याहून गंभीर गोष्टींनी चुकती व्हायची. आणि मेंदू मागे सारूनही पुष्कळदा फट दिसतच नसे. स्वीडनच्या डोलमन यांनी १९४८ मध्ये नाकाच्या बाजूने छेद घेऊन कवटी न उघडता दुरुस्ती केली, आणि १९८१ मध्ये जर्मनीतल्या एर्लांगेनच्या विगँड यांनी नाकपुडीतून दुर्बीण घालून फट बुजवल्याचे प्रसिद्ध केले. हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी शोधलेल्या काचेच्या दांड्यांच्या भिंगांमुळे ही बारीक, लखलखीत दुर्बीण शक्य झाली होती. नाकाच्या खालच्या बाजूने छताकडे पाहिल्यावर जे दिसते ते वरून मेंदू सारून दिसत नव्हते.

तरीही दुर्बीण घातली म्हणजे भोक दिसले, असे होत नाही. इथे आपल्या मराठवाड्यातल्या घरांकडे पाहावे. माळवदाच्या घरात पावसात पाणी टपकते ते खालच्या कोपऱ्यात. वर चढून पाहावे तर तिथली माती घट्ट असते, भेग असते चार हात लांब, आणि पाणी तुळईवरून ओघळत येऊन भलतीकडेच टपकत असते. कवटीच्या तळाचेही तसेच आहे. उजव्या नाकपुडीतून पाणी येते म्हणून भोक उजवीकडेच असेल असे नाही. अपघातात नाकातला मधला पडदा सरकला असेल तर डावीकडचे पाणी उजवीकडे उतरते. त्याहून फसवी तऱ्हा कानाची. कानावरचे हाड फुटले, पण कानाचा पडदा शाबूत राहिला, तर पाणी कानातून बाहेर येऊच शकत नाही. ते मधल्या कानातून युस्टेशियन नलिकेने घशाच्या वरच्या भागात उतरते आणि तिथून नाकात येते. रुग्ण नाकाची तक्रार घेऊन येतो, डॉक्टर नाकाचे छत इंचाइंचाने तपासतात, आणि भोक असते कानाच्या वर. अशा रुग्णाला त्या बाजूला कमी ऐकू येते का एवढा एकच प्रश्न विचारला असता तर सगळा शोध योग्य दिशेला वळला असता. स्फिनॉइडच्या कोनाड्यातली गळती आणखी वेगळी वागते: रात्रभर पाणी सायनसमध्ये साठत राहते आणि सकाळी उठून बसताक्षणी एकदम भसकन बाहेर येते, मग दिवसभर नाक जवळजवळ कोरडे.

म्हणून या पुस्तिकेतले रुग्णाची हकिगत घेण्याचे प्रकरण मला सर्वांत मोलाचे वाटते, आणि वाचकाने घाईत असताना इतर काही वाचले नाही तरी ते वाचावे. हकिगतीत पहिला प्रश्न अपघाताचा. देवगाव रंगारीच्या कन्नड तालुक्यात ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्री बिनदिव्याच्या उभ्या असतात. कन्नडच्या घाटात वाहने कोसळतात. हेल्मेट बहुतेकांच्या घरी खुंटीला असते. डोक्याला मार लागलेल्या सगळ्या रुग्णांपैकी साधारण २ टक्क्यांना अशी गळती होते. कवटीच्या तळाचे हाड मोडले असेल तर हेच प्रमाण १२ ते ३० टक्क्यांपर्यंत जाते. बहुतेकांत ती पहिल्या दोन दिवसांत दिसते. मात्र सगळ्यांत नाही. सूज उतरल्यावर, गोठलेले रक्त विरघळल्यावर, फटीत अडकलेला मेंदूचा तुकडा आकसल्यावर, दोन-तीन महिन्यांनीही पाणी सुरू होऊ शकते. तोवर रुग्णाला आणि डॉक्टरला अपघात आठवतही नसतो. तेव्हा एका बाजूने नाक गळणाऱ्याला ‘कधी पडला होता का?’ हे विचारायलाच हवे, आणि ‘कधी’ याचा अर्थ गेल्या आठवड्यात असा घेऊ नये. नाकाची किंवा सायनसची शस्त्रक्रिया झाली आहे का, हेही विचारावे. कोणत्या बाजूने येते, वाकल्यावर वाढते का, चव खारट लागते का, वास येतो का, येत नसेल तर कोणत्या नाकपुडीला येत नाही, ऐकू कमी आले का, गालाला बधिरपणा आहे का, दिसण्यात फरक पडला का, पूर्वी कधी मेंदूज्वर होऊन गेला का. एका नाकपुडीचा वास गेला असेल तर बोट चाळणीपट्टीकडे जाते. गाल बधिर असेल तर स्फिनॉइडच्या कोनाड्याकडे. वारंवार मेंदूज्वर होणारे लहान मूल असेल तर जन्मतःच राहिलेली फट शोधावी लागते, नाक आणि कान दोन्हीकडे. या प्रश्नांना पैसे लागत नाहीत, वीज लागत नाही.

अपघाताच्या रुग्णाबाबत आणखी एक गोष्ट इथे मोठ्या आवाजात सांगायला हवी. डोळ्यांभोवती दोन्हीकडे काळेनिळे झाले आहे, कानामागे निळसर डाग आहे, नाकातून किंवा कानातून पाणीमिश्रित रक्त येते आहे, अशा रुग्णाच्या नाकातून पोटात नळी घालू नये. मोडलेल्या हाडातून ती नळी थेट मेंदूत गेल्याची उदाहरणे वैद्यकाच्या नोंदींत आहेत. नळी लागलीच तर तोंडावाटे. नाकात किंवा कानात कापूस ठासून बसवू नये. पाणी थांबलेले दिसते पण जंतू आत कोंडले जातात. रुग्णाला नाक शिंकरू देऊ नये, डोक्याकडची बाजू थोडी उंच ठेवावी आणि १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी. प्रतिजैविके सुरू केली म्हणजे मेंदूज्वर टळतो, असा पुरावा नाही. उलट त्यांनी लक्षणे दबतात आणि निदान लांबते. अपघाताने झालेल्या बऱ्याच गळत्या आठवड्याभराच्या विश्रांतीने आपोआप बंद होतात हे खरे आहे. त्यामुळे घाबरून जाऊ नये. पण बंद झालेल्या गळतीची नोंद कागदावर राहिली पाहिजे, कारण वर्षांनंतर त्याच फटीतून मेंदूज्वर झालेले रुग्ण आहेत.

हे पाणी मेंदूचेच, हे ठरवायचे कसे? जुने डॉक्टर रुमाल वाळवून बघत. शेंबडाने रुमाल वाळल्यावर कडक होतो, मेंदूजलाने होत नाही. रक्तमिश्रित पाण्याचा थेंब गॉजवर टाकला की मधे लाल ठिपका आणि भोवती फिकट वलय पडते, हीही खूण प्रसिद्ध आहे. पण साध्या पाण्यात किंवा लाळेत रक्त मिसळले तरी तसेच वलय पडते. साखर तपासायची पट्टी तर सोडूनच द्यावी. नाकाच्या स्रावात आणि अश्रूंतही थोडी साखर असते, मधुमेही रुग्णात अधिक असते, आणि जंतुसंसर्ग झालेल्या मेंदूजलात ती नसतेही. पट्टी हो म्हणाली तरी खात्री नाही, नाही म्हणाली तरी नाही. खात्री देणारी तपासणी बीटा-२ ट्रान्सफेरिन या प्रथिनाची. १९७९ साली मुरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती या कामी वापरून दाखवली. हे प्रथिन मेंदूजलात असते. नाकाच्या स्रावात, अश्रूंत, लाळेत ते सहसा नसते. अर्धा-एक मिलिलिटर पाणी पुरते. रुग्णाला खाली वाकवून बसवायचे आणि स्वच्छ कोरड्या बाटलीत थेंब गोळा करायचे. रुग्ण घरीही हे करू शकतो. तपासणी सर्वत्र होत नाही, नमुना मोठ्या शहरात पाठवावा लागतो. म्हणूनच, पाणी येत असते त्या दिवशी ते गोळा करून ठेवणाऱ्या डॉक्टरचे महत्त्व फार. गळती कधी सुरू, कधी बंद असते, आणि रुग्ण शहरात पोचतो तेव्हा नेमके नाक कोरडे पडलेले असते.

इथून पुढे यंत्रांचे काम. पहिले पाऊल सीटी स्कॅनचे. मात्र डोक्याच्या मारासाठी काढतात तो नेहमीचा सीटी इथे अपुरा ठरतो. हाडाची एक मिलिमीटर किंवा त्याहून बारीक कापे हवीत, आडवी आणि उभी दोन्ही, आणि कान त्यात आले पाहिजेत. हे चिठ्ठीवर स्पष्ट लिहिले नाही तर रुग्णाला दुसऱ्यांदा पैसे मोजावे लागतात. असा सीटी हाडातला खंड दाखवतो. तो पाणी दाखवत नाही. आणि चाळणीपट्टीचे हाड मुळातच इतके पातळ की शाबूत असूनही चित्रात ते नसल्यासारखे दिसते. अपघातात तीन ठिकाणी भेगा पडल्या असतील तर त्यांतली कोणती गळते हे सीटी सांगत नाही. त्यासाठी एमआरआय. पाणी पांढरे शुभ्र दाखवणाऱ्या खास पद्धतीने चित्रे घेतली की मेंदूभोवतीचे पाणी सायनसमध्ये उतरताना पांढऱ्या रेघेसारखे दिसते, सुई लागत नाही, किरणोत्सर्ग नाही. भोकातून मेंदूचा किंवा आवरणाचा तुकडा खाली लोंबत असेल तर तोही दिसतो, आणि हे शस्त्रक्रियेआधी समजलेच पाहिजे. एमआरआयची उणीव अशी की साध्या सायनसच्या दाहातले पाणीही तेवढेच पांढरे असते. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून, हाडातला खंड आणि पांढरी रेघ एकाच जागी जुळते का हे बघायचे. बहुसंख्य रुग्णांत जागा इथेच सापडते.

नाही सापडली, किंवा दोन-तीन संशयित जागा उरल्या, तर पाठीतल्या मणक्यांच्या मधून सुईने क्ष-किरणांत उठून दिसणारे द्रव्य सोडायचे, रुग्णाला पालथे, डोके खाली करून ठेवायचे आणि मग सीटी काढायचा. गळती त्या वेळी चालू असेल तरच यातून उत्तर मिळते. किरणोत्सारी द्रव्य सोडून नाकात ठिकठिकाणी कापसाचे बोळे ठेवायचे आणि कोणता बोळा भिजला ते मोजायचे ही पद्धतही एकेकाळी खूप वापरात होती. गळती आहे एवढे ती सांगते, पण जागा ढोबळ सांगते. आता ती मागे पडली आहे ते योग्यच.

शेवटचा आणि सर्वांत देखणा उपाय फ्लुरोसीनचा. हे पिवळे-हिरवे द्रव्य डोळ्यांचे डॉक्टर बुबुळावरची जखम बघायला रोज वापरतात. किर्चनर आणि प्राउड यांनी १९६० मध्ये ते मेंदूजलात मिसळून गळतीची जागा शोधली. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या मेसरक्लिंगर यांनी पुढे त्याला दुर्बिणीची जोड दिली. शस्त्रक्रियेच्या टेबलावर रुग्णाच्या पाठीतून १० मिलिलिटर मेंदूजल काढतात, त्यात १० टक्के फ्लुरोसीनचा जेमतेम ०.१ मिलिलिटर मिसळतात आणि अगदी सावकाश परत सोडतात. थोड्या वेळाने नाकातल्या दुर्बिणीत, निळ्या उजेडात, छताच्या एका बिंदूतून हिरवा झरा उतरताना दिसतो. ज्या फटीसाठी पूर्वी कवटी उघडत, ती फट अशी डोळ्यांसमोर येते. सुरुवातीच्या काळात मोठ्या मात्रेमुळे फिट येणे, पाय लुळे पडणे असे गंभीर परिणाम झाले होते. म्हणून मात्रा कमी, वेग कमी, रुग्णाची लेखी संमती, हे तिन्ही काटेकोरपणे पाळावे लागते. मी तरी हा उपाय सरसकट वापरण्याच्या बाजूचा नाही. चित्रांनी जागा निःसंशय दाखवली असेल तर पाठीत सुई घालायचे कारण उरत नाही.

हे सगळे परदेशातले वाटेल, म्हणून महाराष्ट्रातले काम सांगायला हवे. मुंबईचे कान-नाक-घसा शल्यविशारद डॉ. मिलिंद कीर्तने, ज्यांना २०१४ साली पद्मश्री मिळाली, यांनी आपल्या सहकाऱ्यांसह २००५ मध्ये अमेरिकेतल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात दुर्बिणीने बंद केलेल्या गळतीच्या २६७ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. पहिल्याच प्रयत्नात यश ९६ टक्क्यांहून अधिक होते. तुलनेसाठी, २००० साली जगभरातल्या प्रसिद्ध अहवालांची बेरीज केली तेव्हा पहिल्या प्रयत्नातले यश सुमारे ९० टक्के आणि दुसऱ्यानंतर ९७ टक्के निघाले होते. त्या काळात एका गटाच्या हातून एवढे रुग्ण बरे झाल्याची उदाहरणे जगातही मोजकी होती. महाराष्ट्राने या विषयात फक्त शिकण्याचे नव्हे, शिकवण्याचेही काम केले आहे, आणि आपल्याकडच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना हे ठाऊक असले पाहिजे.

एका रुग्णगटाकडे पुस्तिकेने स्वतंत्र लक्ष दिले आहे आणि ते अगदी योग्य झाले. अपघात नाही, शस्त्रक्रिया नाही, तरी चाळिशी-पन्नाशीतल्या, वजन वाढलेल्या स्त्रीचे नाक एका बाजूने गळते. अशा स्त्रियांच्या डोक्यातल्या पाण्याचा दाब वाढलेला असतो. वर्षानुवर्षांच्या दाबाने कवटीचा तळ झिजत जातो आणि सर्वांत पातळ जागी फुटतो. आधी डोके दुखत असते, कधी नजर धूसर होते, आणि गळती सुरू झाल्यावर डोकेदुखी कमी होते, कारण दाबाला वाट मिळते. त्यामुळे ती बाई बरे वाटते म्हणून खूश असते. एमआरआयमध्ये पिट्यूटरी ग्रंथीची खोबण रिकामी दिसली की संशय पक्का होतो. या रुग्णात एक भोक शोधून थांबता येत नाही. दुसरी, तिसरी पातळ जागा शोधावी लागते, आणि भोक बुजवल्यावर दाब मोजावा लागतो. दाब तसाच ठेवून भोक बुजवले तर पाणी दुसरीकडून वाट काढते. खेड्यातल्या बायका या तक्रारीसाठी फार उशिरा दवाखान्यात येतात. घरची कामे वाकूनच करायची असतात, पदराने नाक पुसत ती होत राहतात, आणि घरात कुणी विचारत नाही. आशा कार्यकर्तीने घरभेटीत ‘नाक एका बाजूने गळते का?’ हा एक प्रश्न विचारला तरी बरेच काही साधेल.

नाकाच्या छताचे हे नाजूकपण करोनाच्या काळातही दिसून आले. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका महिलेच्या नाकात तपासणीची काडी घातल्यानंतर मेंदूजल वाहू लागले. तिच्या कवटीच्या तळाला जुनाच दोष होता आणि तो कुणाच्या लक्षात आला नव्हता, असे नंतर कळले. जुन्या चित्रांत तो दिसत होता. शोध अपुरा राहिला की असे घडते.

खर्चाचा प्रश्न रास्त आहे. देवगाव रंगारीहून संभाजीनगरला जाणे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवणे, गाडीभाडे, सोबत एक माणूस. १९५६ पासून चालू असलेल्या घाटीच्या वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभागाकडे आधी जावे. डोक्याच्या मारानंतरची ताजी गळती असेल तर अपघात विभागातच सांगावे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून खर्च मिळू शकतो का, याची चौकशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे शस्त्रक्रियेच्या आधी करावी, रेशनकार्ड सोबत न्यावे. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे ओझे उचलणे, नाक शिंकरणे, कुंथणे बंद. शेतीच्या कामाच्या दिवसांत हे पाळणे कठीण असते, म्हणून घरच्यांनाही समोर बसवून सांगावे. न्यूमोकोकस या जंतूविरुद्धची लस घेण्याबद्दलही डॉक्टरांना विचारावे, कारण गळती असलेल्यांत मेंदूज्वर करणारा तो प्रमुख जंतू आहे.

गावातल्या आणि तालुक्यातल्या माझ्या डॉक्टर मित्रांना माझी एवढीच विनंती आहे. एका नाकपुडीतून पाण्यासारखे गळणारा रुग्ण आला तर त्याला आणखी एक सर्दीची गोळी देण्याआधी खाली वाकवून बघा, पाणी बाटलीत घ्या आणि पुढे पाठवताना चिठ्ठीवर चार गोष्टी लिहा: कोणती बाजू, कधीपासून, डोक्याला मार लागला होता का, आणि वास व ऐकणे कसे आहे. ती चिठ्ठी वाचूनच पुढचा डॉक्टर ठरवणार आहे की आधी नाकात बघायचे की कानात.